सातपुड्यातली दुसरी खेप

हवाई दलाच्या नोकरीत घराजवळ पोस्टिंग मला एकदाच मिळाली, तीही फक्त पावसाळ्यापुरती. तापीच्या पुराची पाहणी करण्यासाठी दोन माणसं बसतील एवढं एक छोटं विमान धुळे जिल्ह्यातल्या एका धावपट्टीवर आणून ठेवलं होतं. पायलट आणि आमच्या तुकडीचे प्रमुख फ्लाइट लेफ्टनंट बिष्ट. मी सार्जंट. रेडिओ आणि देखभाल माझ्याकडे, आणि गरज पडली की मागची सीटही. सोबत चार एअरमन आणि एक तंबू, जो बाहेरच्यापेक्षा आत जास्त गळायचा.

माझं गाव पारोळ्याजवळ. बातमी तिथे पोचायला कितीसा वेळ लागणार? पहिल्याच रविवारी नाना, म्हणजे माझे चुलते, एसटीने हजर. पिशवीत कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. विमानाभोवती दोन चकरा मारून त्यांनी पंखावर टिचकी मारली.

"हाई तं पत्रानं डबडं शे रे! यामा बसीसन तू उडस?"

"हा नाना. रोज."

"तुनी मायले सांगत नही मी," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

बिष्ट साहेबांनी ठेच्याचा पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तरी दुसरी भाकरी मागून घेतली. माणूस कुमाऊंचा, पहाडातच वाढलेला. मी त्यांना समोरचा सातपुडा दाखवून म्हटलं, "सर, तुमच्या हिमालयापुढे हे म्हणजे टेकाडंच."

ते म्हणाले, "पहाड़ छोटे हैं पाटील, पर जहाज़ भी तो छोटा है."

हे वाक्य मी पुढे अनेकांना समजावून सांगितलं आहे. लोकांना वाटतं, विमान डोंगर वरून ओलांडतं. मोठं ओलांडतं. छोटं विमान पावसाळी हवेत ढगाच्या खालून, दरीदरीने जातं. दरीचा तळ पुढे पुढे वर चढत असतो आणि विमानाला तेवढ्या वेगाने चढता येतच असं नाही. वरून ढग खाली येत असतो. जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये जेवढी जागा, तेवढ्यात तुम्ही असता. म्हणून दरीच्या मधोमध कधी उडायचं नाही. एका कडेला चिकटून उडायचं, म्हणजे वळायला सगळी रुंदी शिल्लक राहते. आणि वळायचं ते वेळेवर. वेळ टळली की कसलंही कौशल्य कामाला येत नाही.

त्यासाठी आमच्याकडे एक रीत होती. विमानातल्या कोणीही, मग तो कोणत्याही रँकचा असो, "बॅक" म्हटलं की पायलटने तिथल्या तिथे वळायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. जमिनीवर उतरल्यावर पायलटने स्वतः जाऊन त्या माणसासाठी चहा आणायचा. चहा एवढ्यासाठी, की पुढच्या वेळी साहेबासमोर तो शब्द उच्चारताना कोणाची जीभ अडखळू नये.

ऑगस्टमधली सकाळ होती. शिरपूरहून तहसील कार्यालयाचा फोन आला. सातपुड्यातल्या एका पाड्यावर गुलीबाई नावाच्या बाईला साप चावला होता. नाला दुथडी भरून वाहत होता, जीप जाणं शक्य नव्हतं. तिथल्या उपकेंद्रात सिस्टर होत्या, पण त्यांच्याकडची सापाची इंजेक्शनं संपली होती. हेलिकॉप्टर दुसरीकडे पुराच्या कामात अडकलं होतं, ते दुसऱ्या दिवशी मिळणार होतं. सिस्टरचं म्हणणं होतं की बाई उद्याचा दिवस बघणार नाही.

शिरपूरहून मोटारसायकलवर औषधाच्या बाटल्या आल्या. एका जिनिंगमधून मूठभर कापूस आणून आम्ही त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट बसवल्या आणि डब्याला नारंगी कापडाची लांब शेपटी बांधली. मी डबा मांडीवर घेऊन मागे बसलो.

दरीच्या तोंडाशी हवा बरी होती. बिष्ट साहेब उजव्या कड्याला धरून चालले होते. पाडा अजून एका वळणापलीकडे होता, तेवढ्यात डाव्या धारेवरून ढगाचं पांढरं सांडायला लागलं. समोर सागाची एक रांग दिसत होती. मी डब्याची शेपटी सारखी केली, वर बघितलं, तर रांग गायब.

"बॅक," मी म्हणालो.

"बॅक, रॉजर." आणि विमान वळलं.

धावपट्टीवर उतरल्यावर त्यांनी स्टीलच्या मगात चहा आणून माझ्या हातात दिला. चहा कडू लागला. माझ्या मांडीवरून परत आलेला तो डबा टेबलावर तसाच होता.

दुपारी तहसीलचा पुन्हा फोन, सिस्टरचा निरोप घेऊन. बाईच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, शब्द फुटत नव्हता. ढग मात्र जरा वर सरकले होते. साहेबांनी बेसला फोन लावून परवानगी घेतली.

"मैं अकेला जाऊँगा."

"सर, डबा टाकायला मी..."

"खिड़की से फेंक दूँगा. तू सत्तर किलो का है, पाटील. वो सत्तर किलो मुझे ऊँचाई में चाहिए."

हे खरं होतं. हलकं विमान जास्त चढतं. पण हेही खरं, की मागच्या सीटवर "बॅक" म्हणणारा आता कोणी नव्हता. आणि माझ्या दोन लहान मुली पारोळ्याजवळ आहेत, हेही त्यांना नानांकडून कळलं होतं. त्यांनी मला कशासाठी खाली ठेवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी रेडिओवर बसलो. डोंगरामुळे आवाज तुटक येत होता. मग स्पष्ट आला.

"ड्रॉप डन. सिस्टर ने उठा लिया."

तंबूत एअरमन पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हात करून त्यांना गप्प केलं, कारण आवाज पुन्हा येत होता.

"पाटील."

"सर."

"बादल नीचे आ गया है. आगे थोड़ा उजाला है. तू पीछे बैठा होता, तो क्या बोलता?"

मला काय दिसत होतं? धावपट्टी, तिच्या कडेचं कपाशीचं शेत, चरणारी दोन गुरं. त्यांच्याभोवती काय होतं ते फक्त त्यांना दिसत होतं. पण त्यांना थांबायला वेळ नव्हता आणि मलाही.

"बॅक, सर."

"बॅक, रॉजर."

आवाज रोजच्यासारखाच होता. त्यानंतर नुसती खरखर. मी अंधार पडेपर्यंत हाका मारत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं. हेलिकॉप्टरही आलं. शोधपथकासोबत मी वर गेलो. वळता वळता डावा पंख डोंगराला लागला होता. दरी तिथे वळायला फार अरुंद होती. साहेबांना खाली नेल्यावर मी एकटाच पुढे चालत गेलो. त्यांना दिसलेला उजेड कुठला होता, ते मला बघायचं होतं. पुढे एक खिंड होती. खिंडीपलीकडे दुसरी दरी, आणि ती सरळ मैदानात उतरत होती. आदल्या दिवशी त्या खिंडीत ढग किती खाली होता, हे सांगणारं कोणी नव्हतं. स्वच्छ उन्हात कोणताही डोंगर निरपराध दिसतो.

चौकशी झाली. मला कोणी दोष दिला नाही. अधिकाऱ्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, तू नियमाप्रमाणे बोललास. पण रात्री डोळा लागला की ती खिंड मोकळी दिसायची.

पुढच्या वर्षी, ऊन तापायच्या आत, बिष्ट साहेबांची आई आली. मी तिला अमळनेर स्टेशनवरून घेतलं. बारीक, ताठ म्हातारी. शिरपूरच्या पुढे रस्ता संपल्यावर मी काठी पुढे केली, तर म्हणाली, "मैं पहाड़ की हूँ." आणि माझ्या पुढे चालायला लागली.

पाड्यावर गुलीबाई वाट बघत उभी होती. तिने भुईवर घोंगडी अंथरली, पाणी दिलं. आईने गुलीबाईचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि घोट्याजवळच्या काळ्या व्रणावरून बराच वेळ अंगठा फिरवला. मग आम्ही तिघं वर, त्या जागेवर गेलो.

तिथे मी तिला सगळं सांगितलं. त्यांनी काय विचारलं, मी काय म्हणालो, पुढची खिंड कशी मोकळी दिसली. शेवटी म्हणालो, "माँजी, लौटने को मैंने कहा था."

तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही.

"मैं माँ हूँ. मुझसे पूछता, तो मैं भी यही कहती."

मग ती उठली, उताराच्या कडेला गेली आणि तोंडाभोवती हात धरून तिने हाक मारली. त्यांच्याकडे बाया समोरच्या डोंगरावरच्या पोरांना संध्याकाळी घरी बोलावतात, तशी लांब हाक.

"हरिया! ओ हरिया! घर आ जा!"

तीनदा. मी साहेबांना आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती. गुलीबाई पदर तोंडाला लावून उभी होती. मी टाचा जुळवल्या आणि सावधान उभा राहिलो.