बर्फात ठेवलेले दोन चंबू

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी पीएच.डी. करत होते आणि माझा विषय ऐकला की माणसं हसायची. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं म्हणे प्लास्टिक बनवायचं! आमच्या उचगावच्या घरात दुधाचा धंदा. वडील म्हणाले, “मी रोज म्हशीम्होरं वरडतोय, त्येनं कधी दुधाचं दही झालं न्हाय की!” त्यांचं हसणं मी खपवून घ्यायची. सरांचं नाही.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. माणूस सज्जन, पण एकदा म्हटलं की म्हटलं. पाण्यात साबण आणि थोडं अल्कोहोल घालून स्टायरीन, म्हणजे प्लास्टिकचं कच्चं द्रव्य, मिसळलं की मिश्रण काचेसारखं स्वच्छ दिसतं. स्टायरीनचे थेंब इतके बारीक, की डोळ्याला दिसतच नाहीत. त्यात मी त्या ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या यंत्राची धातूची कांडी बुडवायची. कांडी थरथरायची, बारीक बुडबुडे उठायचे नि फुटायचे, आणि हळूहळू मिश्रण निळसर व्हायचं, पाणी घातलेल्या दुधासारखं. स्टायरीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या झाल्या, त्याची ही खूण. जोडणी सुरू करायला दुसरं रसायन घालावं लागतं, ते मी घातलेलंच नसायचं. माझं म्हणणं, हे काम फुटणाऱ्या बुडबुड्यांचं.

“छे! कांडीनं मिश्रण तापतं, म्हणून होतं,” सर म्हणाले. “शेगडीवर ठेव, तिथंही होईल. सोमवारी दुसरा विषय देतो.”

खरा आवाज ऐकू येत नसला, तरी यंत्र किरकिरायचंच; दोन वर्षं ती किरकिर ऐकून माझे कान किटले होते. आणि आता दुसरा विषय? अरे वा रे वा! तापतं म्हणता ना, मग तापूच देत नाही.

सोमवारी सकाळी वडिलांची दुधाची किटली घेऊन मी शाहूपुरीत बर्फाच्या कारखान्यात गेले आणि बर्फ भरून आणला. किटली नेली म्हणून वडिलांनी सगळी गल्ली डोक्यावर घेतली, ते वेगळंच. एकाच मिश्रणाचे दोन चंबू भरले, हवेनं जोडणी अडते म्हणून दोन्हींतली हवा नायट्रोजननं घालवली, दोन्ही बर्फाच्या पाण्यात ठेवले. एकात कांडी सोडली. दुसरा नुसताच. सर थर्मामीटर घेऊन शेजारी उभे राहिले.

पारा वर चढलाच नाही. कांडीचा चंबू मात्र निळसर झाला, तोही नेहमीपेक्षा लवकर! गार पाण्यात बुडबुडे जास्त जोरानं फुटतात, हे मी वाचलं होतं. डोळ्यांनी बघितलं त्या दिवशी. शेजारचा चंबू होता तसाच, स्वच्छ.

सरांनी तो उचलून उजेडात धरला. “हा तू नीट भरला नसशील. हवा राहिली असेल, नाहीतर हाही निळसर झाला असता.”

माझं टाळकंच सरकलं. “मग तुमच्या हातानं सोडा की कांडी त्यात!”

प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. सरांशी त्या आवाजात कुणी बोलत नसे. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, बाह्या वर सारल्या, कांडी पुसली आणि स्वतः त्या चंबूत सोडली. चहा आला, तो तसाच गार झाला. त्यांची नजर चंबूपेक्षा थर्मामीटरवर जास्त. मी हाताची घडी घालून उभी. मला भीती वाटत नव्हती. आत काय होणार हे मला माहीत होतं.

चंबू त्यांच्या डोळ्यांदेखत निळसर झाला. त्यांनी त्यातलं थोडं मिथेनॉलमध्ये ओतलं; त्यात त्या साखळ्या विरघळत नाहीत. पांढरे पुंजके तळाशी बसले. पॉलिस्टायरीन, म्हणजे प्लास्टिकच.

सरांनी थर्मामीटर खाली ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चुकलं माझं. विषय हाच राहील.”

भांडायची केवढी तयारी करून आले होते मी! एकेक उत्तर पाठ केलं होतं. त्यातलं एकही लागलं नाही, आणि मी तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडायला लागले.