दाजींचं शून्य

आमच्या दाजींइतका शब्दाला चिकटून बसणारा माणूस सातारा-सांगलीत दुसरा नाही, आणि नाही हे या दोन जिल्ह्यांचं नशीबच म्हणायचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, मूळचे औंधचे. हयात फौजेत वायरलेसवर काढली, पेन्शनवर आले आणि आष्ट्यात आमच्या घरामागच्या मोबाइल टॉवरवर देखरेखीला लागले. शेजारीच बिऱ्हाड थाटलं. देखरेख करायची ती कसली, तर एक लोखंडी सांगाडा आणि लाईट गेली की सुरू करायचं डिझेलचं जनरेटर. पण दाजी रोज बूट चमकवून, कडक इस्त्रीत फाटक उघडायचे. "घरी बसलो की गंजलोच म्हणून समजा, पावणं," असं मला सांगायचे. त्या कामावर त्यांचा खरोखर जीव होता.

तेवढ्यावर निभावलं असतं, पण त्यांच्या कंपनीला एकाएकी पृथ्वीची काळजी वाटू लागली. सांगलीच्या हॉटेलात दारं-खिडक्या लावून, एसीच्या गारव्यात, सगळ्या कर्मचाऱ्यांना हात पुढे करायला लावून शपथ दिली: हवेत जाणारा कार्बन आम्ही शून्यावर आणू. शपथ संपायच्या आत बाकीचे जेवणाच्या रांगेत पोचले होते. दाजी मात्र ती शपथ घरी घेऊन आले.

मग दोन्ही घरांना ताप सुरू झाला. आमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की कुंपणापलीकडून हाक यायची, "आवं, डाळ शिजली, आता काय पृथ्वी शिजवताय?" उतार दिसला की स्कूटर बंद करायचे आणि मागे बसलेली अक्का डोळे मिटून यमाईचा धावा करायची. माझ्या नातीच्या वाढदिवसाला केकवरच्या पाचातल्या चार मेणबत्त्या त्यांनी काढून खिशात टाकल्या. "एकच फुंकली म्हणून वय काय कमी व्हतंय व्हय?" म्हणाले. नातीने भोकाड पसरलं आणि दाजींनी शांतपणे केक संपवला.

पुढे टॉवरपाशी सोलरचं एक पॅनेल आलं, आमच्या बाजेएवढं. त्यावर फार तर फाटकावरचा दिवा लागत असे. पण 'हरित टॉवर' असा फलक तयार झाला आणि सांगलीच्या साहेबांनी फर्मावलं, डिझेलच्या रकान्यात रोज शून्य लिहायचं.

"इंजिन चालतंय, मग शून्य कसं लिवू, साहेब?"

"अहो, कंपनीने जगाला शब्द दिलाय."

शब्द म्हटल्यावर दाजींचा विरोधच संपला. "आसं हाय व्हय? मग शून्यच करतो," म्हणाले आणि जनरेटरची चावी खिशात घातली.

फलकाच्या उद्घाटनाला पुण्याचे बडे साहेब आले आणि नेमकी लाईट गेली. थोड्या वेळाने बॅटऱ्या उतरल्या, टॉवर गप्प झाला, अख्ख्या आष्ट्याचे फोन बसले. साहेबांना तो सोहळा मुंबईला थेट दाखवायचा होता. ते फोन उंच धरून टॉवरच्या बुडाशीच रेंज शोधत फिरू लागले. दाजी सावधानमध्ये उभे. "डिझेल शून्य, साहेब. हुकमापरमाणं." फाटकाशी गाव जमून ओरडत होतं. खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होतो, "दाजी, लय झालं आता, चालू करा की!"

संध्याकाळी त्यांना सांगण्यात आलं, चावी द्या, मुकाट शून्यावर सही करत जा, नाहीतर घरी बसा. दाजींनी त्या दिवसाचं शून्य वळणदार अक्षरात लिहिलं, सही केली, कारण ते खरं होतं. मग वही आणि चावी टेबलावर ठेवली. आठवड्यात ते अक्काला घेऊन औंधला निघून गेले. गावात कोणी हळहळलं नाही, रेंज आली होती.

आता जनरेटर धडधडतं, फलक चमकतो आणि नवा माणूस शून्य लिहितो. परवा लाईट गेली असताना मी गच्चीवरून दाजींना फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "पावणं, इंजिन बंदच आसतंय न्हवं आता?"

जनरेटर माझ्या पाठीमागे गुरगुरत होतं. पण बूट घालून कुठं जायचं नसलेला तो माणूस डोळ्यांसमोर आला आणि मी म्हणालो, "व्हय दाजी, बंदच हाय."



"बरं झालं," दाजी म्हणाले. "पर त्याचं ऑइल बदलायला सांगा. आवाज जड येतोय."