नोंदणी परत केलेला सल्लागार

चंद्रहास पेडणेकरने सुरुवात विमा एजंट म्हणून केली. त्यात विशेष काही नाही. आचोळ्यात राहायला आलेला प्रत्येक जण काही दिवस विमा एजंट असतोच. मग तो म्युच्युअल फंड विकू लागला. पुढे तिसऱ्या खेपेला परीक्षा पास होऊन तो रीतसर नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार झाला. प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. लोक येत, प्रमाणपत्राचं कौतुक करत, चहा पीत, सल्ला ऐकत आणि पानवाल्याने सांगितलेला शेअर घेत. फी द्यायचं कोणाच्याच मनात येईना. शेवटी त्याने नोंदणी परत केली आणि फ्रेम माळ्यावर टाकली.

तेव्हापासून कोणी विचारलं की तो म्हणे, "मला आता सल्ला देता येत नाही." आचोळ्याने अर्थ लावला, की माणसाला आतलं काहीतरी कळलंय. गर्दी वाढली.

त्या गर्दीतच उमेळ्याच्या धोंडूबाई पुतण्या हरेशबरोबर आल्या. वाडी बिल्डरला विकून आलेले त्यांचे सगळे पैसे तो एका योजनेत घालायला निघाला होता. महिना पाच टक्के, हमखास.

"भाऊ, तुमी नको म्हना, मी सही करनार नाय," धोंडूबाई म्हणाल्या.

चंद्रहासने माहितीपत्रक वाचलं आणि त्याला घाम फुटला. पण आयुष्यात त्याने पथ्य आणि नियम दोनच गोष्टी पाळल्या होत्या, आणि पथ्य केव्हाच सुटलं होतं.

"मावशी, माझी नोंदणी नाही. मला बोलता येत नाही."

"बघ काकी, वंगाळ असतं तर गप बसले असते का?" हरेशने पेन पुढे केलं. धोंडूबाईंनी ते घेतलं.

तेवढ्यात चंद्रहासची बायको विनया चहा घेऊन आली. "अहो, आपणही घालूया का यात? माझी एफडी मोडते."

"डोकं फिरलंय का तुझं!"

बायकोशी बोलायला नोंदणी लागत नाही, हे इतक्या वर्षांत त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग तो सुटला. महिना पाच टक्के कोणता धंदा देतो, नव्यांचे पैसे जुन्यांना कसे वाटतात, एक दिवस ऑफिसला कुलूप कसं लागतं, सगळं विनयाला ऐकवलं. ती शांतपणे बिस्किटं मांडत होती.

धोंडूबाईंनी पेन हरेशच्या खिशात खोचलं. "तू जा. मी रिक्षानं येईन."

"काकी, ते त्यांच्या घरातलं बोलतायत!"

"म्हनून तर ऐकते." त्यांनी चहा बशीत ओतला. "हां भाऊ, बायकोला अजून काय सांगायचंय?"