खिशावरची हळद

तीस वर्षं मी नाशिकच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा प्रयोगशाळेतला पांढरा एप्रन घरी आणला, आणि बायकोने दुसऱ्याच दिवशी तो स्वयंपाकाला चढवला. मी भडकलो. "अहो, इतक्या वर्षांत त्याच्यापुढे पहिल्यांदा खायचं काही शिजतंय," ती म्हणाली आणि माझ्यादेखत हळदीचा हात खिशाला पुसला. चार बोटं उमटली.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. लेक पुण्याहून आली, साड्या वाटून टाकल्या, कपाट रिकामं केलं. दारामागचा एप्रन माझा समजून राहू दिला. त्या चार बोटांवर आपली बोटं टेकवायची आणि मग चहा ठेवायचा, ही माझी रोजची सकाळ. वेडेपणा म्हणा. म्हणायला घरात आहे कोण?

यंदा श्रावणात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आणि एप्रनच्या काठाला बुरशी धरली. अशीच वर चढली तर खिसा गाठेल, या धास्तीने मी फक्त काठ धुवायचं ठरवलं. मोलकरीण मावशींच्या हाती द्यायची छाती झाली नाही. त्यांनी धोपटण्याने बडवून सगळंच उजळून ठेवलं असतं. एप्रन बादलीवर धरला, काठाला साबण घासला, आणि ओला कपडा हातातून सटकून फेसात पडला. खिशावरची चारही बोटं लाल झाली.

आई शप्पथ! एप्रन झटकन बाहेर ओढला. मग स्वतःचाच राग आला. अरे गाढवा, हे तू दरवर्षी सातवीला शिकवत होतास! हळद हा दर्शक. साबण आम्लारी, म्हणून ती लाल. आम्ल दिलं की पुन्हा पिवळी. टोपलीतलं लिंबू कापलं आणि खिशावर पिळलं. एक एक बोट पिवळं होत गेलं. करंगळी सगळ्यात शेवटी.

"अगं, बघ! जमलं की नाही?" मी मोठ्याने म्हणालो आणि वळलो. ओट्यावर कापलेलं लिंबू होतं. खालून द्वारका चौकातले हॉर्न ऐकू येत होते. इतकं एकटं मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, त्या दिवशी घरात माणसं तरी होती. लेकीला फोन लावला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे, काही अर्जंट?" "नाही गं," म्हणालो.

एप्रन साध्या पाण्यातून काढला. बऱ्याच दिवसांनी उघडीप पडली होती. घरात वाळत टाकला तर पुन्हा बुरशी, म्हणून गॅलरीत कडक उन्हात टाकला. खिसा नीट वाळावा म्हणून तीच बाजू उन्हाकडे केली, चिमटे लावले आणि डाग वाचला या समाधानात जाऊन आडवा झालो.

संध्याकाळी मावशींच्या आवाजाने जाग आली. "सर, लय भारी निघाला हो डाग! उन्हात टाकला ते बरं केलं."

धावत गेलो. खिसा पांढरा स्वच्छ. माझ्या शर्टावर वरण सांडलं की ती धुऊन उन्हात टाकायची. मी आम्ल-आम्लारी सुरू केलं की म्हणायची, "राहू द्या तुमचं शास्त्र. हळद उन्हाला भिते." मी हसायचो. उजेडाने हळदीचा रंग उडतो हे पुस्तकातही होतं, परीक्षेतही मी विचारलं होतं.

मावशी गेल्यावर मी साबणाची वडी ओली केली. डोळ्यांना दिसत नसेल, पण हळदीचा अंश उरला असेल तर साबणाने लाल होईलच, एवढं शास्त्र मला येतं. खिशाच्या कडेपासून सुरुवात केली. पहिल्या बोटाची जागा चोळली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. करंगळीशी बराच वेळ थांबलो.

कुठेच लाल झालं नाही.