फेट्याची सीडी

आमच्याकडच्या लग्नात एक वेळ नवरदेव नसला तरी भागतं, पण नवरदेवाच्या मामाला फेटा बांधला नाही तर लग्न लागलंच नाही असं धरतात. हे मी ऐकीव सांगत नाही. बसवकल्याणला बसस्टँडसमोर माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं, आणि निम्म्या तालुक्याची भांडणं माझ्या कॅमेऱ्याकडं तोंड करून झालेली आहेत.

त्या उन्हाळ्यात मंठाळच्या एका मुलीचं लग्न मी कॅमेऱ्यात काढलं. मुलगी दिली होती उमरग्याच्या पलीकडं. आषाढात रीतीप्रमाणं ती माहेरी आली, आणि श्रावण लागला तरी तिला न्यायला कोणी येईना. फोन केला तर उलटा निरोप आला, की भर मांडवात आमच्या मामांना फेटा बांधला नाही, मामा म्हणाल्याशिवाय आम्ही येत नाही. मुलीचे वडील शपथेवर सांगत होते, "म्या माझ्या हातानं बांधलाय." आणि तिकडं नवऱ्याला पुण्याच्या कंपनीत काम लागलेलं, खोली बघून झालेली. पोळा झाला की तो निघणार होता. तोवर मुलगी सासरी पोचली तर जोडीनं पुण्याला, नाही तर तो एकटा जाणार आणि ही मंठाळात बसणार. एकटा गेलेला माणूस पुण्याहून परत न्यायला कधी येतो, हे आमच्याकडं कुणाला समजावून द्यावं लागत नाही.

शेवटी मामांनीच तोड काढली: "सीडी पाठवा. टीव्हीवर फेटा दिसला तर मानतो."

सीडी अजून व्हायची होती. आमच्या धंद्यात दोन महिन्यांत सीडी देणं म्हणजे घाई. फेटा माझ्या कम्प्युटरच्या पडद्यावर स्वच्छ दिसत होता, पण वरपक्ष नवरीच्या तालुक्यात येऊन एका दुकानदाराच्या स्टुलावर बसून फेटा बघेल, ही गोष्टच सोडा. सीडीच पाहिजे होती. आणि सीडी निघेना.

तो सीडी रायटर मी हैदराबादहून मांडीवर घेऊन आणला होता, वाटेत एकदाही खाली न ठेवता. त्यानं आता डिस्क खायला सुरुवात केली. नवी कोरी डिस्क, तिचं प्लॅस्टिक मी माझ्या दातानं फाडलेलं. आत घातली की दिवा लुकलुकायचा, थोडा वेळ घरघर व्हायची, आणि पडद्यावर यायचं की डिस्क कोरी नाही. पहिला संशय मी डिस्क विकणाऱ्यावर घेतला. दुकान बदललं. मग केबल बदलली, रायटरचा डोळा स्पिरिटनं पुसला, लिहायचा वेग इतका कमी केला की तेवढ्या वेळात माणूस चालत उमरग्याला जाऊन आला असता. मशीन आपलं तेच म्हणे, कोरी नाही.

बिघडलेल्या डिस्का मुलीचे वडील घेऊन जायचे आणि मुगात पाखरांसाठी टांगायचे. त्या इतक्या झाल्या की त्या साली मंठाळच्या शिवारात पाखरू उतरलं नाही, विमानंसुद्धा वाट बदलून गेली म्हणतात.

पण त्यांची नजर बदलत चालली होती. रोज येऊन मशीनच्या शेजारी बसायचे.

"खरं सांग," एक दिवस ते म्हणाले, "तिकडनं तुला काय आलंय?"

"अप्पा, शपथ! मशीन बिघडलंय."

"परवा एवढं पंचायतीच्या चेअरमनचं लग्न काढून दिलास. तवा कसं बिघडलं न्हाई? आन आमच्याच टायमाला बिघडायलंय?"

मुलगी त्यांच्यासोबत आली होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "अप्पा, त्यांच्यावर कामून वरडायलाव?" मग माझ्याकडं वळली. "अण्णा, माझं लग्न न्हाई निघालं तरी चालतंय. मामाचं डोस्कं तेवढं काढून द्या."

हे मला लागलं. आणि अप्पांचा प्रश्नही डोक्यात राहिला. चेअरमनच्या लग्नापर्यंत सगळं ठीक होतं. मग मधे कोणाचा हात लागला?

कम्प्युटरला माझ्याशिवाय एकच हात लागायचा, माझ्या साडूचा. तो धंद्यात भागीदार होता. कुठलाही बिघाड सांगा, त्याचं औषध ठरलेलं: "फॉर्मॅट मारू." फॉर्मॅट मारला की मशीनमधलं सगळं पुसतं, म्हणजे मामांचा फेटाही गेला. हा इतक्या उत्साहानं पुसायला का निघालाय? शिवाय दर गुरुवारी तो गाणगापूरला जायचा, जाताना पिशवी फुगलेली, येताना रिकामी. भक्तीनं माणूस हलका होतो हे मला माहीत आहे, पण पिशवी?

येत्या गुरुवारी तो बसमध्ये चढताना मी डोळ्यांनी पाहिला आणि मगच कम्प्युटरपुढं बसलो. मशीनमध्ये काय काय भरलंय त्याची यादी उघडली. मला वाटलं होतं भलतंसलतं काही सापडेल. सापडला सीडी लिहायचा दुसरा प्रोग्राम. खाली घड्याळाशेजारी त्याचं बारकं चित्र चोरासारखं बसलेलं. कोरी डिस्क आत गेली की हा आधी झडप घालून तिच्यावर आपला शिक्का मारायचा, आणि माझा प्रोग्राम येईपर्यंत डिस्क कोरी राहिलेली नसायची.

साडू परत आला.

"हे काय हाय?"

"ते व्हय? आरतीच्या सीड्या काढायलो. गाणगापुरात भाविक लई मागायलेत."

"माझ्या मशीनवर? चोरून?"

"दत्ताची आरती हाय. त्याला चोरी कामून म्हणायलास?"

"मग माझ्याच प्रोग्राममधनं काढायच्या की!"

"तुझा प्रोग्राम किती सीड्या निघाल्या ते ध्यानात ठिवतंय. तू मागनं बघतूस."

आता मी बघत होतो की नाही, हा विषय इथं नाही. विषय असा, की हा गडी आपल्या सीड्या काढताना माझा प्रोग्राम गुपचूप बंद करायचा. त्याच्या आरत्या सुखरूप निघत होत्या आणि लग्न अडलं होतं.

मी त्याचा प्रोग्राम काढून टाकला. मशीन पुन्हा चालू केलं, तर रायटरच गायब! दार उघडतंय, दिवा लागतोय, आणि कम्प्युटर म्हणतोय असलं काही माझ्याकडं नाही. साडू सुपारी कातरत म्हणाला, "बघ, दत्ताचं काढलास." मग रागाच्या भरात मी माझाही काढला. रायटर परत दिसायला लागला. मग माझा एकटा पुन्हा घातला, आणि डिस्क निघेपर्यंत एका माऊसवर दोघांचे हात होते. कोणी सोडायला तयार नव्हता.

सीडी निघाली. अप्पांनी समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर लावून खात्री केली आणि ती उमरग्याच्या पुढं स्वतः नेली. परत आले ते तोंड पाडून.

मामा म्हणाले होते, "फेटा दिसतो. पण त्याच सीडीत मी बर्फाच्या डोंगरावर बी उभा हाय. म्या तिथं कवा गेलतो? ज्यानं मला बर्फात नेलं त्यानंच फेटा बसवला आसंल."

तो डोंगर मी कम्प्युटरवर मामांच्या मागं मानानं, फुकट घातला होता.

पोळा तोंडावर आला. आणि एका दुपारी मामा स्वतः दुकानात उतरले. पाहुण्यासारखे नाही, तपासणीला आल्यासारखे. अप्पा बसलेलेच होते. मामांनी त्यांच्या उघड्या डोक्याकडं बोट केलं.

"ह्यांला फेटा बसवून दाखव."

"मामा, तसं हुईत न्हाई."

"डोंगर हुतो आन फेटा हुईत न्हाई?"

अप्पांना कॅमेऱ्यात घेऊन मी जीव तोडून प्रयत्न केला. अप्पांच्या डोक्यावर गुलाब बसला, कमळ बसलं, ताजमहाल बसला. फेटा काही बसेना. मामा पडद्याला नाक लावून बघत होते. "मुद्दाम करायलास," ते म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता.

तेव्हा अप्पा उठले. पिशवीतून नवा गुलाबी फेटा काढला आणि मामांच्या डोक्याला बांधायला लागले. मामांनी हातानं चाचपून पाहिला. मान ताठ केली. मग मला म्हणाले, "बघत काय बसलास? शूटिंग काढ. डोंगर न्हाई, फूल न्हाई."

सीडी निघेपर्यंत ते रायटरवर हात ठेवून बसले. गरम डिस्क खिशात घातली आणि म्हणाले, "पोरीला बलवा. पाचच्या बसनं न्हेतो."

ती बसमध्ये मामांशेजारी बसली तेव्हा खिडकीतल्या वाऱ्यानं त्यांच्या फेट्याचा शेमला तिच्या तोंडावर येत होता. तिनं तो बाजूला सारला नाही. बस हलल्यावर अप्पांनी डोळे पुसले आणि माझ्या कानाला लागले.

"आनिक एक काढून ठिव. ह्या माणसाचा भरोसा न्हाई."

मी आधीच काढून ठेवली होती. साडूनंही ठेवली होती. कोणत्या प्रोग्रामनं काढली, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.