पाव्हणं म्हणायचं

बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका फाउंड्रीत मी स्टोअर सांभाळतो. बेळगावहून तिकडं जायला वर्षभर एकाच मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसलो. नंबरप्लेट पांढरी, म्हणजे भाड्यानं माणसं न्यायला परवानगी नाही. त्यामुळं पहिल्याच सकाळी बाईकवाल्यानं मला पढवून ठेवलं, "कुणी इचारलं तर पाव्हणं म्हणायचं, अण्णा." पोलिसानं अडवलं की तोच हसत कानडीत सांगायचा, "नम्म बीगरु, सर." आमचे पाहुणे, म्हणजे सोयरे. आमच्या भागात तेवढं पुरतं. पाहुण्याची उलटतपासणी कोण करणार?

माझ्या फोनमध्ये तो 'बाईक मच्छे' होता. खरं नाव मी कधी विचारलंच नाही. आता ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

त्या सकाळी खानापूर रस्त्यावर एक ट्रॅक्टर उलट्या बाजूनं आला. मागं उसाची रिकामी ट्रॉली, ड्रायव्हरच्या कानाला मोबाईल. मी कडेच्या गवतात फेकला गेलो, बाईकवाल्याचा उजवा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली गेला. ट्रॅक्टरवाला पळाला. माणसं जमली आणि निम्म्यांनी फोन काढले. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेलो, तर एक जण म्हणतो, "जरा सरका की, दिसंना झालंय." त्याच्या थोबाडावर थुंकावंसं वाटलं. शेवटी एका भाजीवाल्यानं टेम्पो रिकामा केला आणि आम्ही त्याला बेळगावात आणलं.

दवाखान्याच्या दारात नर्सनं विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

वर्षभराची सवय. तोंडातून आपसूक निघालं, "पाहुणा."

"पेशंटचं नाव?"

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि जागा कोरी सोडली. मग डॉक्टर कागद घेऊन आले. "पायात रक्त जात नाही. आत्ता काढला तर गुडघा वाचतो, उशीर केला तर वरून काढावा लागेल. नातेवाईक म्हणून इथं सही करा."

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते लपवत नाही. उद्या याच्या घरच्यांनी गचांडी धरून विचारलं, पाय कापायला तू कोण, तर? पोलिसांनी जबाबाला बोलावलं तर? आणि हो, शिफ्टची हजेरीही आठवली.

"मी पाहुणा नव्हे," मी म्हणालो. "नुसता मागं बसलो होतो."

"मग मघाशी?"

"चुकून बोललो."

डॉक्टरही थोरच. केस अंगावर घ्यायला तेही तयार नव्हते. कागद काखेत मारून दुसऱ्या पेशंटकडं गेले. आत तो कण्हत होता आणि बाहेर आम्ही दोन शिकलेली माणसं आपापली कातडी सांभाळत होतो.

काच फुटलेल्या त्याच्या फोनवर बायकोचा फोन आला, तेव्हा कुठं घरी कळलं. फोनवरचा होकार चालत नव्हता, सही कागदावरच हवी होती. खानापूरच्या पलीकडच्या गावातून एसटीनं यायला तिला तीन तास लागले. ते तीन तास मी बाकड्यावर बसून काढले. कागद पलीकडच्या टेबलावरच होता. दोनदा उठलो, दोनदा बसलो.

तिनं आल्या आल्या सही केली. वाचलंसुद्धा नाही. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जीव वाचला, गुडघा राहिला नाही.

ती भिंतीला टेकून खाली बसली. बऱ्याच वेळानं तिचं लक्ष माझ्या शर्टाकडं गेलं. शर्ट त्याच्या रक्तानं कडक झाला होता.

"अण्णा, तुमी संगं हुतासा म्हणून जीव तरी वाचला," ती म्हणाली. "तुमास्नी कुठं लागलं न्हाय न्हवं?"

मी बाही वर केली आणि तिला खरचटलेला कोपर दाखवला.