बाबांच्या रेशमाचं विमान

शिकाऊ विमान आपल्यापेक्षा शहाणं असतं. पंख अंगाच्या वर, चाल बैलगाडीची, आणि हवेत कलंडलं तरी स्वतःहून सरळ होतं. जमिनीवर उभं राहून, हातातल्या रेडिओच्या खोक्यावरच्या दोन दांड्यांनी असं छोटं विमान उडवायला मला शिकवलं ते हिंगण्याच्या कारखान्यातल्या माझ्या फोरमननी. त्यांचा मंत्र एकच होता. "घाबरला का दांड्यांवरचे अंगठे काढ. ते आपलं आपण सावरते." दोनेक वर्षं मी तेच करत आलो आणि स्वतःला मोठा वैमानिक समजू लागलो.

मग ऐंशी सालाच्या सुमारास मी वेगवान विमान बांधायला घेतलं. पंख अंगाच्या खाली आणि पातळ, इंजिन चांगलंच ताकदीचं. पंख मढवायला हलकं रेशीम हवं होतं. बाबा जन्मभर रेशीमकाठी लुगडी विणत आले होते. गुडघे गेले म्हणून माग काढून टाकायचं घरात ठरलं होतं. उरल्यासुरल्या रेशमाचं शेवटचं कापड त्यांनी मागावर घेतलं ते माझ्यासाठी. "बिनकाठाचं पहिल्यांदाच विणून राहिलो गा," एवढंच म्हणाले. पंखावर लावून त्याला रोगण दिलं तसं ते ढोलकीसारखं ताणलं गेलं. असं कापड आता पुन्हा होणार नव्हतं. त्यामुळे विमान तयार होऊनही उडवायचा मला धीर होईना. शेवटी बाबाच म्हणाले, "काहून थांबला? चाल."

रविवारी सकाळी ते मोटारसायकलवर माझ्यामागे बसून माळावर आले, पंख मांडीवर धरून. फोरमन आधीच पोचले होते.

विमान जमिनीवरून सुटलं. इंधनातल्या एरंडेलाचा वास नाकात होता तोवर ते माळाच्या टोकाला पोचलंसुद्धा. अंगठा जरा हलवायचा अवकाश, ते वळे. इतकं आज्ञाधारक काही मी पाहिलंच नव्हतं. पण एका वळणावर ते फारच कलंडलं. मी घाबरलो आणि सवयीनं अंगठे काढले.

ते सावरलं नाही. जसं सोडलं तसंच, आडवं, नाक खाली करून जमिनीकडे निघालं.

"धर त्याले," फोरमन ओरडले.

मी दांड्या धरल्या, पंख सरळ केले, नाक उचललं. विमान आमच्यासमोरून डोक्याएवढ्या उंचीवर सणसणत गेलं. सूर्य पलीकडे होता. पंखातून ऊन आरपार आलं आणि बाबांच्या हातचा धागा न् धागा मला दिसला. त्या वेगात दिसणं शक्य नाही म्हणा, पण मी शपथेवर सांगेन.

कसंबसं उतरवलं. खरचटलंसुद्धा नव्हतं. मी ते उचलून आणलं. "बाबा, आता नाही उडवत. घरी भिंतीले टांगून ठेवतो," मी म्हणालो.

बाबांनी पंखावरून एकदा हात फिरवला.

"पुन्हा उडव," ते म्हणाले. "मघाशी मी डोये मिटले होते."